कपाळावरचं गोंदण काढू का?

डॉक्टर ताई, मी ३४ वर्षांची आहे. माहेर सोलापूर जिल्ह्यात, सासर पिंपरीला. एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. सात वर्षांची असताना आजीने जत्रेत नेऊन माझ्या कपाळावर गोंदून आणलं. दोन भुवयांच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढा गोल ठिपका आणि हनुवटीवर एक बारका. शाळेत मुली चिडवायच्या. आता काउंटरवर लोक म्हणतात, "मॅडम, हनुवटीला शाई लागलीय." कपाळावरचा ठिपका मी सोळाव्या वर्षापासून मोठ्या टिकलीखाली झाकते, झोपतानाही टिकली काढत नाही. दोन्ही काढून टाकावेत असं फार दिवस मनात आहे. आईला सांगितलं तर ती दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणाली, "सोनंनाणं इथंच राहतं, बाईचं गोंदण तेवढं तिच्याबरोबर वर जातं. आजीने दिलेलं तू पुसणार?" शेजारच्या काकू म्हणतात, चुना आणि पापडखार लाव, आठ दिवसांत जाईल. पार्लरवाली म्हणते, एका सिटिंगमध्ये लेझरने काढून देते. मी काय करू? आणि मी आजीचा अपमान करतेय का?

ता. क. धाकटा भाऊ केंद्रीय पोलीस दलाच्या भरतीची तयारी करतोय. त्याने उजव्या हातावर, कोपराखाली, टॅटू काढून घेतलाय. अडचण येईल का?

— स., पिंपरी

प्रिय स.,

बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी तो चुना-पापडखार बाजूला ठेव. ओला चुना आणि पापडखार एकत्र आले की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो, तुंबलेले पाइप साफ करायला वापरतात तोच. तो गोंदण शोधून काढत नाही, समोर येईल ती कातडी जाळतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आली होती. मनगटावरचं नाव घालवण्यासाठी हे मिश्रण तिने रात्रभर फडक्याने बांधून ठेवलं होतं. नाव गेलं, पण त्या जागी रुपयाएवढी खोल जखम होती. ती भरायला दीड महिना लागला आणि भरली तेव्हा तिथे जाड, गुलाबी, खाजरा वळ उठला. आधी एक बांगडी सरकवली की नाव झाकायचं. हा वळ पाटलीखालीही लपत नाही. तुझी जागा तर दोन डोळ्यांच्या मध्ये आहे. चुन्याचा एक थेंब डोळ्यात ओघळला तर बुबुळ भाजतं आणि नजर जाऊ शकते.

काकूंचा राग मानू नकोस. त्यांनी सांगितलेला उपाय फार जुना आहे. सहाव्या शतकात आमिदा गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबाकरला, एटियस नावाचा वैद्य होता. त्याच्या ग्रंथात गोंदण काढायची कृती दिली आहे, आणि तिच्यात चुना आहे, जिप्सम आहे आणि पापडखारातला सोडाही आहे. पाच दिवस पट्टी बांधायची, सहाव्या दिवशी गोंदणावर सुईने टोचायचं, रक्त पुसायचं, मीठ भुरभुरायचं आणि मग हा लेप. वीस दिवसांत गोंदण जातं, व्रणही राहत नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. त्या रुग्णांची कातडी आपल्यासमोर नाही, पण चुन्याने आणि सोड्याने कातडीचं काय होतं ते मी रोज पाहणारी आहे. म्हणून या वचनावर तू विश्वास ठेवू नकोस, मग ते ग्रंथातलं असो की पार्लरच्या फलकावरचं.

एटियसची आठवण आणखी एका कारणासाठी काढली. तुझ्या पत्रात एक अपराधीपणा आहे, जणू गोंदण नकोसं वाटणारी तू पहिलीच. तसं मुळीच नाही. माणूस जितकी वर्षं गोंदून घेतोय, जवळजवळ तितकीच वर्षं कुणी ना कुणी ते पुसायचा प्रयत्न करतंय. कारण सगळीच गोंदणं मागून घेतलेली नसतात.

सगळ्यात जुनं गोंदण ज्याच्या अंगावर आजही दिसतं तो माणूस १९९१ साली आल्प्स पर्वतात, इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, बर्फात सापडला. ओत्झी म्हणतात त्याला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर ६१ खुणा आहेत, बहुतेक साध्या रेघा, थोड्या फुल्या, काजळीच्या. त्यांतल्या पुष्कळ कंबर, गुडघा, घोटा अशा ठिकाणी आहेत आणि त्याचे सांधे झिजलेले होते, म्हणून त्या दुखण्यावरच्या उपचाराच्या खुणा असाव्यात असं संशोधकांना वाटतं. म्हणजे नट्टापट्टा नव्हे, औषध.

आणि आता आपल्या देशातलं, कपाळावरचंच एक उदाहरण. ईस्ट इंडिया कंपनीने १७९७ साली बंगालमध्ये कायदा केला की जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायचा. 'गोदना' हाच शब्द त्या शिक्षेला होता. पळून गेला तरी कपाळ लपवता येणार नाही, हा हेतू. पण माणसं लपवायचीच. पागोटं भुवयांपर्यंत खाली ओढून घ्यायची. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली. तुझं पत्र वाचताना टिकलीच्या जागी मला ते पागोटं दिसलं. तू काही गुन्हा केलेला नाहीस, आणि तरी अठरा वर्षं कपाळ झाकून आहेस, याचं मला फार वाईट वाटलं.

आता तुझी आजी. तिने जे केलं ते वरच्या शिक्षेसारखं नव्हतं, हे मला तुला नीट सांगायचंय, कारण माझीही आजी होती. तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, तुळशीवृंदावन होतं. भाकरी थापताना पिठाने हात माखायचा, वृंदावन दिसेनासं व्हायचं आणि हात धुतला की हिरवंगार पुन्हा वर यायचं. मनगटाच्या आतल्या बाजूला आजोबांचं नाव. ते नाव तिने आयुष्यात तोंडाने घेतलं नाही, उखाण्यातही अडखळायची. वाचताही येत नव्हतं. पण मी विचारलं की एकेका अक्षरावर बोट ठेवून दाखवायची. घरातलं सोनं दोनदा गहाण पडलं आणि एकदा सुटलंच नाही. हातावरची तुळस कुणाला गहाण टाकता आली नाही. "बरोबर येतं ते एवढंच" हे तुझी आई म्हणते ना, तेच ती म्हणायची. ज्या बाईच्या नावावर घरातलं एक भांडंसुद्धा नव्हतं तिच्या तोंडचं हे वाक्य आहे, म्हणून मी त्याला कधी हसले नाही.

जत्रेत, आठवडी बाजारात गोंदणाऱ्या बायका बसायच्या. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात खलायची, दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या आणि गाणं म्हणत टोचत जायचं, म्हणजे पोरीचं लक्ष गाण्यात राहतं. वर हळद. मोबदला सूपभर धान्य, नाहीतर जुनं लुगडं. पोरीला दृष्ट लागू नये, ती चारचौघींत उठून दिसावी, एवढीच त्यामागची माया. तुझ्या आजीने तुला तिच्याकडचं सगळ्यात टिकाऊ जे होतं ते दिलं. आणि हेही तितकंच खरं की सात वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आजीवर माया ठेवून गोंदण काढता येतं. तो अपमान नाही.

पण काढायचंच असं ठरवण्याआधी माझं एक ऐक. आठ दिवस घरी असताना टिकली काढून ठेव. रात्री तर काढच. याला दोन कारणं आहेत.

पहिलं डॉक्टरी. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदात काही रसायनं असतात. वर्षानुवर्षं त्याच जागी रात्रंदिवस टिकली राहिली तर काही बायकांच्या कपाळावर तेवढाच गोल पांढरा डाग पडतो. पुष्कळ जणींना तो कोड वाटतो आणि त्या हादरतात. तुझ्या ठिपक्याभोवती असा पांढुरका घेर आहे का, खाज येते का, लाली आहे का, ते आधी बघायला हवं. असेल तर टिकली बंद, कुंकूही सध्या नको, आणि आधी त्यावर उपचार. तसं न करता कुणी थेट लेझर मारला तर नंतर उरलेला पांढरा डाग लेझरचा की टिकलीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरं कारण असं की तू तो ठिपका सोळाव्या वर्षानंतर नीट पाहिलेलाच नाहीस. तुझ्या मनात जो आहे तो शाळेतल्या मुलींनी चिडवलेला ठिपका आहे. आरशासमोर बस, उजेडात बघ. कदाचित हनुवटीचा राहू द्यावासा वाटेल आणि कपाळाचा नको, किंवा उलट. दोन्ही एकदम काढायचं बंधन नाही. न्यूझीलंडच्या माओरी बायकांमध्ये हनुवटीवर गोंदायची रीत आहे, मोको काउए. नानाया महुता यांनी २०१६ साली, खासदार असताना, ती गोंदून घेतली आणि २०२० मध्ये त्या हनुवटीनिशी त्या देशाच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. गोंदण ठेवच असं मी सुचवत नाहीये. चेहऱ्यावरच्या खुणेला 'गावंढळ' हा एकच अर्थ नसतो, एवढंच तुझ्यापर्यंत पोचवायचंय. आठ दिवसांनीही नकोच वाटलं तर कुणालाही कारण न देता काढ. लोक विचारतात म्हणून काढावंसं वाटलं तरी ते कारण हलकं नाही. काउंटरवर रोज आठ तास तू बसतेस.

आता काढायचं कसं.

गोंदण वर्षानुवर्षं टिकतं कसं ते आधी समजून घे, म्हणजे 'एका सिटिंगमध्ये' या बोलण्यातला खोटेपणा तुझा तुलाच कळेल. सुई काजळी वरच्या सालीत ठेवत नाही. ती साल तर महिन्या-दीड महिन्यात झडून नवी येते. काजळी जाते खालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर आत. तिथे शरीराच्या भक्षक पेशी धावून येतात आणि ते कण गिळतात. पण कण मोठे असतात, पचत नाहीत. पेशी त्यांना पोटात घेऊन बसून राहते. ती मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे तुझ्या कपाळावर तुझ्या आजीने ठेवलेली काजळी गेली सत्तावीस वर्षं पेशींच्या कितीतरी पिढ्यांनी एकमेकींच्या ओटीत घातली आहे. (आणि काजळी काळी असून गोंदण हिरवट-निळं दिसतं ते कातडीच्या आतून प्रकाश फुटून येतो म्हणून. रंगात खोट नसते.)

लेझर हे कण जाळून बाहेर काढत नाही. तो त्यांचा चुरा करतो. सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढा एक ठोका, त्यात कण इतका झटक्यात तापतो की फुटतो, आणि आजूबाजूच्या कातडीला फारसं तापायला वेळच मिळत नाही. चुरा झालेले कण मग शरीर हळूहळू वाहून नेतं. म्हणजे लेझरचं काम मिनिटभराचं आणि शरीराचं काम आठवड्यांचं. म्हणून दोन सिटिंगमध्ये किमान सहा ते आठ आठवडे जावे लागतात. जो 'दर पंधरा दिवसांनी या' म्हणतो तो तुझ्या कातडीवर घाई करतोय. एकाच काळ्या रंगाचं, हाताने केलेलं जुनं गोंदण त्या मानाने लवकर जातं, साधारण चार ते सहा सिटिंग. मशीनने दाट भरलेल्या रंगीत टॅटूला आठ-बारा किंवा त्याहून जास्तही लागतात. तुझं वर्षभराचं काम आहे असं धरून चाल.

यंत्राचं नाव विचारायला लाजू नकोस. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, हा सुरक्षित. कारण तो खोल जातो आणि आपल्या कातडीच्या स्वतःच्या रंगात कमी अडकतो. पिकोसेकंद लेझर नवा आहे, महाग आहे आणि चांगला आहे, पण काळ्या ठिपक्यासाठी तो नसला तरी अडत नाही. केस काढायचं मशीन वेगळं. पार्लरमध्ये बहुतेक वेळा तेच असतं किंवा आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचे ठोके देणारं यंत्र. त्याचा ठोका लांब असतो, त्याने कण फुटत नाही, कातडी मात्र भाजते. करणारा माणूस त्वचारोगतज्ज्ञच हवा, एमडी, डीव्हीडी किंवा डीएनबी झालेला. काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचा विभागातही हा लेझर असतो, खर्च परवडत नसेल तर तिथे चौकशी कर.

खोलीत काय होईल ते सांगते, म्हणजे ऐनवेळी घाबरणार नाहीस. पाऊण-एक तास आधी बधिर करणारं मलम लावतात. डोळ्यांवर धातूची झाकणं ठेवतात. तुझ्या बाबतीत ही झाकणं नसतील तर उठून ये, कारण हाच लेझर डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतो. मग टक्-टक् असा आवाज आणि ताणलेलं रबरबँड कातडीवर सुटावं तसा चटका. ठिपका बघता बघता खडूसारखा पांढरा होतो. बायका आरशात बघून आनंदतात, गेला म्हणून. तो गेलेला नसतो, आतल्या वाफेचे बुडबुडे असतात. पंधरा-वीस मिनिटांत पांढरेपणा ओसरतो आणि ठिपका पुन्हा दिसतो. हे सगळं ठीकच चाललंय असं समज. पुढचे काही दिवस सूज, कदाचित फोड, मग खपली. फोड फोडायचा नाही, खपली नखाने काढायची नाही, व्हॅसलीन किंवा दिलेलं मलम लावायचं, उन्हात सनस्क्रीन. आणि टिकली नाही. जखम पूर्ण भरेपर्यंत अजिबात नाही. हे तुला सगळ्यात अवघड जाणार आहे, म्हणून रजेचा विचार आत्ताच करून ठेव.

धोके लपवत नाही. आपल्या कातडीवर ती जागा काही महिने काळपट किंवा पांढुरकी राहू शकते. बहुतेकींची भरून येते. थोड्याजणींची पांढुरकी राहते ती राहतेच. भुवईजवळचे केस तात्पुरते पांढरे होऊ शकतात. कधी ठिपका जातो पण चाचपून पाहिलं तर सुयांनी झालेली खरखर तिथे हाताला लागते. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण करायचं नाही. हनुवटीचा बारका ठिपका आधी करून बघायचा आणि दोन महिने थांबायचं. ती तुझी चाचणी. तुला किंवा घरात कुणाला जखमेवर जाड वळ उठायची सवय असेल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, सांधेदुखीसाठी कधी सोन्याची इंजेक्शनं घेतली असतील किंवा दिवस राहिले असतील तर डॉक्टरांना आधीच सांग. सोन्याचं ऐकून नवल वाटेल, पण ते औषध अंगात असेल तर लेझरने तिथली कातडी कायमची निळसर-करडी पडते. भाऊ सिगारेट ओढत असेल तर त्यालाही सांग: मिलानच्या डॉक्टरांनी साडेतीनशे रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सिगारेट ओढणाऱ्यांचे टॅटू खूपच चिवट निघाले.

कपाळाच्या ठिपक्यासाठी एक दुसरा रस्ताही आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. ठिपका तुरीच्या दाण्याएवढा असेल तर प्लास्टिक सर्जन तो भूल देऊन सरळ कापून काढू शकतात, बारीक टाके घालतात. एका दिवसात काम होतं. उरते ती एक बारीक रेघ, आणि दोन भुवयांच्या मध्ये ती कपाळाला आठी पडते त्या रेषेत बसवता आली तर वर्षभरात शोधावी लागते. जाड वळ उठणारी कातडी असेल तर मात्र हे नको. दोघांनाही दाखव, दोघांचंही ऐक.

कातडी घासून काढणं, मिठाने खरवडणं, ॲसिड लावणं, डाग देऊन जाळणं, हे सगळं मी नाकारते. ऑनलाइन मिळणारी गोंदण पुसायची मलमंही. जिथे काजळी आहे तिथवर मलम पोचतच नाही, आणि पोचलं तर ते ॲसिड असतं.

एक तपासणी तेवढी करून घे. तुला गोंदलं त्याच दिवशी त्याच सुयांनी जत्रेत आणखी किती पोरींना गोंदलं असेल. हिपॅटायटिस बी आणि सी यांची रक्ततपासणी कधी झाली नसेल तर एकदा कर. बहुतेक काही निघणार नाही, निघालंच तर आज त्यावर औषधं आहेत.

राहिली आई. तिला सांगून कर, लपवून नको. शक्य असेल तर पहिल्या दिवशी तिला बरोबर घेऊन जा. क्लिनिकमध्ये उपचाराआधी फोटो काढतातच, त्याची एक प्रत तिला दे. आणि त्या जत्रेच्या दिवसाची गोष्ट तिच्याकडून ऐकून घे: आजीने तुला कडेवर नेलं की चालत, गोंदणारी कोण होती, तू किती रडलीस, नंतर काय खायला घेतलं. तू सात वर्षांची होतीस, तुला अर्धंच आठवत असेल. ती गोष्ट आईकडे आहे आणि ती आजवर तिला कुणी विचारलेली नाही.

तिच्या 'बरोबर जातं' याला माझ्याकडे डॉक्टर म्हणून एक उत्तर आहे, तेही तिला सांग. लेझरने चुरा झालेली काजळी सगळीच अंगाबाहेर पडत नाही. तिचा काही भाग रसवाहिन्यांतून वाहत जवळच्या लसिका ग्रंथींत जातो आणि तिथे राहतो. गोंदण असलेल्या माणसांच्या या गाठी शस्त्रक्रियेत काळसर दिसतात, मी स्वतः पाहिल्या आहेत. म्हणजे कपाळ मोकळं झालं तरी आजीच्या हातची काजळी थोडी का होईना तुझ्या अंगात राहणारच आहे, अगदी शेवटपर्यंत.

तुझी,
डॉक्टर ताई

ता. क. भावाचं काम जास्त घाईचं आहे. केंद्रीय सशस्त्र दलांच्या वैद्यकीय नियमांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, पण ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, किंवा पंजाच्या मागच्या बाजूला. उजव्या हाताने सलाम ठोकतात, म्हणून तिथे नको. आकारही त्या भागाच्या पाव हिश्शाहून कमी हवा. उजव्या हातावरच्या धार्मिक चिन्हामुळे अपात्र ठरलेल्या सोलापूरच्या एका तरुणाच्या बाजूने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला होता, पण त्याच्या भरवशावर राहून भरतीला जाऊ नये, कोर्टात वय निघून जातं. त्याने ज्या दलाचा अर्ज भरायचा आहे त्याच वर्षाची जाहिरात डोळ्यांखालून घालावी, राज्य पोलिसांचे नियम वेगळे असतात. काढायचं ठरलं तर आजच सुरू करावं, शारीरिक चाचणीची तारीख आल्यावर नाही. आणि मैदानावरची पोरं एकमेकांना ॲसिड सुचवतात, ते त्याने करू नये. जळक्या व्रणामुळेही वैद्यकीय तपासणीत अडकतो. टॅटूत कोणकोणते रंग आहेत ते मला कळव. नुसता काळा असेल तर तुझ्यासारखाच १०६४चा लेझर. लाल असेल तर ५३२ लागतो. हिरवा-निळा सगळ्यात हट्टी, त्याला वेगळं यंत्र. आणि पांढरा किंवा कातडीच्या रंगाचा भरलेला असेल तर आधी एका कोपऱ्यावर करून बघायला सांग, तो रंग पहिल्याच ठोक्याला काळा पडू शकतो.